सोमवारी सकाळी नासचा केशरी दिवा: डिस्क बदलण्याआधी काय तपासायचं

लक्षण असं. शनिवारी संध्याकाळी नास, म्हणजे पेढीच्या संगणकांना जोडलेली डिस्कची पेटी, नीट बंद केलेली. रविवारी पेढीला सुट्टी. सोमवारी सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो, निळा दिवा लुकलुकतो, डिस्क फिरू लागल्याचा आवाज येतो, आणि दोन-तीन मिनिटांनी पेटी बीप देत राहते. स्टेटसचा दिवा केशरी. पडद्यावर ‘व्हॉल्यूम डिग्रेडेड’, म्हणजे साठा अपुऱ्या डिस्कवर चालू; चारपैकी एक डिस्क गायब. ती काढून परत बसवली की दिसते, रीबिल्ड (बाकीच्या डिस्क वाचून तिच्यावरचा डेटा पुन्हा भरणं) सुरू होतो, रात्रीपर्यंत दिवा हिरवा. मग पुढचा नाहीतर त्याच्या पुढचा सोमवार उजाडतो आणि पुन्हा तेच. कधी तिसऱ्या खणातली डिस्क, कधी चौथ्या.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी हे निस्तरत होतो. पेटी पाच वर्षांची, प्रत्येकी ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत राहील अशी मांडणी. आत शेतकऱ्यांच्या पट्ट्या, वजनाच्या पावत्या, टॅलीचा सगळा डेटा. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा मी चौथ्या खणातली डिस्क बदलली. महिन्याभराने तिसऱ्या खणातली बदलली. जानेवारीत दिवा लागला तो नव्या डिस्कवरच. पेढीवरचे अण्णा म्हणाले, “अरे बाबा, नवीपण खराब निघाली? मग खराब नक्की काय आहे ते तरी शोध.” नव्या हळदीची आवक सुरू व्हायची होती. सौदे सुरू झाले की ही पेटी दिवसभर एक मिनिटही बंद पडून चालत नाही.

खराब होता तो अडॅप्टर. ते कळायला तीन महिने लागले, कारण मी दिव्याचं बोट ज्या डिस्ककडे होतं तिच्याकडेच पाहत राहिलो. केशरी दिवा एवढंच सांगतो की ठरलेल्या वेळात या खणातून उत्तर आलं नाही. उत्तर का आलं नाही, हे त्याला माहीत नसतं.

चालू होताना आत काय घडतं

बटण दाबल्यावर मुख्य बोर्ड आधी स्वतःची चाचणी करतो: वीज ठीक आहे का, मेमरी आहे का, फर्मवेअर (यंत्रातच लिहिलेली मूळ आज्ञावली) वाचता येतंय का. ही सेल्फ टेस्ट सगळ्यांना ओळखीची आहे. पण डिस्कचीही स्वतःची एक चाचणी असते, आणि ती बोर्डाच्या चाचणीपेक्षा नाजूक. डिस्कच्या हिरव्या पट्टीवरचा छोटा प्रोसेसर आधी रॉममधला थोडासा कोड वाचतो. मग मोटर फिरवतो. तबकड्यांनी पूर्ण वेग पकडला की वाचणारी हेड बाजूच्या उतरंडीवरून आत सरकतात. तबकडीवरच्या राखीव भागात डिस्कचं उरलेलं फर्मवेअर लिहिलेलं असतं. ते वाचलं गेलं की मगच डिस्क ‘मी तयार आहे’ असं पेटीला कळवते. या सगळ्याला साधारण १५ ते २५ सेकंद लागतात. यातली कुठलीही पायरी अडखळली तरी बाहेरून दिसणारं चित्र एकच: डिस्क गायब.

आता विजेचं गणित बघा. साडेतीन इंची डिस्क एकदा वेगात आली की १२ व्होल्टवर अर्ध्या अँपिअरच्या आसपास घेते. पण थांबलेल्या तबकड्या फिरवायला सुरुवातीच्या काही सेकंदांत तिला २ अँपिअरच्या आसपास लागतात. चारही एकदम उठल्या तर ८ अँपिअर, म्हणजे ९६ वॉट, नुसत्या मोटरींना. आमचा अडॅप्टर १२ व्होल्ट, ८.३३ अँपिअर, म्हणजे १०० वॉटचा. म्हणूनच पुष्कळ पेट्या डिस्क थोड्या थोड्या अंतराने उठवतात. ही पेटीही तसंच करते. पण शेवटच्या दोन उठतात तेव्हा बोर्ड, पंखे आणि पहिल्या दोन डिस्क यांचा भार आधीच अडॅप्टरवर असतो. गायब होणारी डिस्क नेहमी तिसऱ्या नाहीतर चौथ्या खणातलीच का, याचं उत्तर इथे होतं. पहिल्या आणि दुसऱ्या खणावर दिवा एकदाही लागला नव्हता, आणि ही गोष्ट मी कुठेही लिहून ठेवली नव्हती. दिवाणजींना मात्र ती तोंडपाठ होती. मी विचारल्यावर त्यांनी एका दमात सांगितली. पेटीसमोर रोज बसणाऱ्या माणसाला आधी विचारा.

दिवसभर चालू असलेल्या पेटीवर अडॅप्टरचा दोष दिसतच नाही, कारण तेव्हा त्याला क्षमतेच्या निम्म्याहून कमी काम असतं. त्याची खरी परीक्षा चालू होण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात होते.

सोमवारीच का?

याने मला सगळ्यात जास्त छळलं. मधल्या वारी मी मुद्दाम पेटी बंद-चालू करून पाहिली, पाचपैकी पाच वेळा नीट उठली. अडॅप्टरच्या आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात आणि त्यातला द्रव वर्षानुवर्षं उष्णतेने सुकत जातो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं तर कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. आमचा अडॅप्टर कपाटाच्या मागे, भिंतीला चिकटून, हळदीच्या पिवळ्या धुळीच्या थराखाली पाच उन्हाळे पडून होता. सुकलेला कपॅसिटर गरम असताना कसंबसं काम रेटतो. थंड झाला की त्याचा आतला रोध वाढतो आणि अचानक मागितलेला करंट तो देऊ शकत नाही. शनिवार आणि रविवार, थंडीच्या दोन रात्री, पेटी पूर्ण बंद. सोमवारी सकाळी अडॅप्टर गारठलेला. मी तपासायचो दुपारी, गरम अडॅप्टरवर. बिघाड ज्या स्थितीत होतो त्याच स्थितीत तपासायला हवं, आणि त्यासाठी मी एका सोमवारी पेढीचं शटर उघडायच्या वेळी जाऊन उभा राहिलो.

मल्टिमीटरला मिन-मॅक्सची (सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा नोंदून ठेवण्याची) सोय असेल तरच त्याचा इथे उपयोग. साधा मीटर सरासरी दाखवतो, क्षणाची घट त्यात हरवते. त्या सकाळी चारही डिस्क जोडलेल्या असताना नुसता मीटर पाहिला तर १२.१ व्होल्ट. नोंदलेला सर्वांत कमी आकडा १०.४. डिस्कला १२ व्होल्टच्या तारेवर साधारण दहा टक्क्यांपर्यंतची घट चालते, म्हणजे १०.८ च्या खाली मोटरचा भरवसा नाही. मापन १२ व्होल्टच्या बाजूलाच करायचं. २३० व्होल्टच्या बाजूचं झाकण उघडू नका. अडॅप्टर बंद केल्यावरही आत धोका शिल्लक असतो.

डिस्क स्वतः काय सांगते ते आधी वाचा

मीटर हाती घ्यायच्या आधीच डिस्कच्या स्मार्ट आकड्यांवरून, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यावरून, मला हे कळायला हवं होतं. नासच्या स्टोरेज मेनूत ते दिसतात. लिनक्सवर त्यासाठी स्मार्टसीटीएल ही आज्ञा आहे. तिथे सगळ्यात वर ‘पास्ड’ किंवा ‘नॉर्मल’ असं जे लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नका. कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत ते तसंच राहतं. खालच्या तक्त्यातला शेवटचा, कच्चा आकडा पाहा.

क्रमांक ५ म्हणजे खराब झालेल्या आणि राखीव जागी हलवलेल्या सेक्टरांची (तबकडीवरच्या छोट्या कप्प्यांची) संख्या. १९७ म्हणजे वाचायला त्रास देणारे, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर. १९८ म्हणजे वाचताच न आलेले. हे तीन वाढत असतील तर तबकडी किंवा हेड बिघडतंय आणि डिस्क बदलायलाच हवी. १९९ वेगळा आहे. तो डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवरच्या चुका मोजतो. तो वाढला तर केबल, खणाचा कनेक्टर, त्यात बसलेली धूळ पाहा. मी काढून टाकलेल्या दोन्ही डिस्कवर हे चारही आकडे शून्य होते. शून्य असताना मी त्या बदलल्या.

वाचायला हवे होते ते १०, १२ आणि १९२. दहावा सांगतो मोटर वेगात आणायला पुन्हा किती वेळा प्रयत्न करावा लागला. बारावा, डिस्कला वीज किती वेळा मिळाली. १९२ बहुतेक डिस्कवर, वीज अचानक गेल्याने हेड किती वेळा घाईने मागे घ्यावी लागली. आता विचार करा. एकाच पेटीतल्या चार डिस्क, एकाच बटणावर एकदम चालू होतात, एकदम बंद होतात. मग बारावा आकडा चौघींचा सारखाच वाढायला हवा. त्या सोमवारी पहिल्या दोन डिस्कवर तो एकने वाढला. तिसरीवर आणि चौथीवर तीनने. म्हणजे त्यांना वीज मिळाली, गेली, पुन्हा मिळाली, पुन्हा गेली, तिसऱ्यांदा मिळाली. बटण एकदाच दाबलेलं असताना. डिस्क नव्या-जुन्या असतील तर एकूण आकडे जुळणार नाहीत, म्हणून एका सुरुवातीत किती वाढ झाली तेवढंच ताडून पाहायचं. बिघाड डिस्कचा की विजेचा हे सांगणारी याहून सोपी खूण मला माहीत नाही, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

मात्र आकडे स्वच्छ आहेत म्हणून डिस्क निरोगी, असं उलटं धरू नका. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर चार मुख्य स्मार्ट इशाऱ्यांपैकी एकही उमटलेला नव्हता. ऑनलाइन बॅकअप देणाऱ्या बॅकब्लेझ कंपनीने २०१६ मध्ये दिलेल्या आकडेवारीतही बंद पडलेल्यांपैकी २३.३ टक्के डिस्क त्यांच्या पाच आकड्यांत काहीही न दाखवता गेल्या. आकडा वाढला तर तो खरा माना. आकडा वाढला नाही तर निश्चिंत होऊ नका, बॅकअप चालू ठेवा.

संशय असेल तर डिस्कची स्वतःची लांब चाचणी लावा. छोटी चाचणी दोनेक मिनिटांत संपते आणि तबकडीचा अगदी थोडा भाग पाहते. लांब चाचणी पूर्ण तबकडी वाचते, ४ टीबीला सात-आठ तास सहज जातात. एका वेळी एकच डिस्क, रात्री, आणि रीबिल्ड चालू असताना अजिबात नाही.

डिस्क ओढून काढण्याची घाई का करू नये

दिवा लागेल त्या प्रत्येक सोमवारी डिस्क काढून बसवत होतो आणि रीबिल्ड करत होतो, ही सगळ्यात घातक गोष्ट होती. रीबिल्ड म्हणजे उरलेल्या तीन डिस्क शेवटपर्यंत वाचणं, म्हणजे १२ टीबी. पुष्कळ साध्या डिस्कच्या कागदावर लिहिलेलं असतं की १० च्या १४ व्या घाताइतक्या बिटांमागे वाचनाची एक चूक होऊ शकते. त्याचे होतात साडेबारा टीबी. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा चांगल्या वागतात, पण रेड ५ मध्ये रीबिल्ड चालू असताना दुसरी डिस्क अडखळली तर मागे आधार उरत नाही. पाच वर्षं जुन्या डिस्कवर ती जोखीम मी आठ-दहा वेळा घेतली. डेटा वाचला, पण ते माझं कौशल्य नव्हतं.

म्हणून क्रम असा ठेवा. डिग्रेडेड दिसलं तरी डेटा वाचता येतोय ना? मग आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा. पट्ट्या आणि टॅली आधी, बाकीचं नंतर. मग चारही डिस्कचे स्मार्ट आकडे लिहून घ्या. कुठल्या खणात कुठला सिरीयल क्रमांक आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढा. त्यानंतर अडॅप्टर बदलून पाहा, कारण डिस्क आणि बोर्डापेक्षा तो स्वस्त आहे आणि तो बदलल्याने डेटाला हात लागत नाही. त्यानेही सुटलं नाही तर खणातल्या कनेक्टरची धूळ, आणि डिस्क शेवटी. दोष डिस्कबरोबर फिरतो की खणाबरोबर, हे पाहण्यासाठी जागा बदलायचा मोह होतो. काही पेट्यांना ते चालतं, काही रेड कार्डांना (डिस्कचा गट सांभाळणाऱ्या कार्डांना) अजिबात चालत नाही. तुमच्या पेटीचं माहितीपुस्तक स्पष्ट सांगत नसेल तर जागा बदलू नका.

पेटी मुळीच उठत नसेल तर सगळ्या डिस्क बाहेर काढून, रिकामी चालू करून पाहा. रिकामी नीट उठली आणि डिस्क बसवल्यावर अडखळली तर विजेकडे बोट जातं. रिकामीही उठत नसेल तर बोर्ड किंवा अडॅप्टर. बोर्डच दगावल्याचं मोठं उदाहरण २०१७ मधलं. इंटेलच्या ॲटम सी२००० चिपमध्ये घड्याळाचा सिग्नल देणारा भाग काळानुसार मरत होता. सिस्को आणि सिनॉलॉजी यांच्यासह अनेकांच्या यंत्रांत ती चिप होती. तो भाग गेला की यंत्र बंद पडायचं किंवा पुन्हा उठायचंच नाही. डिस्क मात्र आत ठणठणीत असायच्या.

अडॅप्टर घेताना

व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पिनेकडे लक्ष द्या. गोल चार पिनांचा प्लग असेल तर कुठल्या पिनेवर अधिक आणि कुठल्यावर उणे, हे वेगवेगळ्या अडॅप्टरांत वेगळं असतं, आणि उलट्या जोडणीचा प्लगही आत छान बसतो. उलटी वीज गेली की डिस्कच्या पट्टीवरचे संरक्षक डायोड जळतात, नशीब खराब असेल तर पट्टीही. तेव्हा दुसऱ्या डिस्कची पट्टी काढून लावली की झालं, असंही होत नाही. त्या पट्टीवरच्या रॉममध्ये त्याच डिस्कच्या हेडची जुळवणी लिहिलेली असते. प्लग घालण्याआधी मीटर लावून पिना तपासा. आणि अडॅप्टर जमिनीवर नको, कपाटामागे नको, पोत्यांजवळ तर नकोच.

सारखं दिसणारं, पण वेगळं

साध्या संगणकावर सुरू होताना ‘स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’ असं येतं आणि लोक रोज एफ वन दाबून पुढे जातात. हा इशारा डिस्कने स्वतः मर्यादा ओलांडल्यावर दिलेला असतो. एफ वन दाबून आत गेलात तर पहिलं काम कॉपीचं करा.

डेलच्या सर्व्हरवर डिस्कचा दिवा सेकंदाला चार वेळा पिवळा लुकलुकला तर डिस्क गेलेली. हिरवा-पिवळा आलटून पालटून आला तर जायच्या वाटेवर. पण सर्व्हर नुकताच चालू होत असताना दिवा पूर्ण विझलेला दिसतो, आणि त्या वेळी डिस्क काढायची किंवा घालायची नसते. त्याच सर्व्हरवर विजेच्या अशाच गोंधळात डिस्क उशिरा उठल्या तर कार्ड त्यांना परक्या समजून ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ म्हणतं. तिथे ‘क्लिअर’ दाबू नका. एखादी डिस्क काही दिवसांपूर्वीच बाहेर पडलेली असेल तर ‘इम्पोर्ट’सुद्धा विचार करून, कारण तिच्यावरचा डेटा शिळा असतो.

सुरू होताना ठराविक अंतराने टक-टक आवाज येत असेल तर हे सगळं विसरा आणि वीज काढा. हेडला जागा सापडत नाही, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नात ते तबकडीवर घासत असू शकतं.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर गावभागातून आणि पेठेतून पाण्यात राहिलेले संगणक माझ्याकडे आले. त्यातले बरेच लोकांनी उन्हात वाळवून ‘एकदा चालू होतंय का’ म्हणून लावून पाहिले होते. चालू होताना हेड आत सरकतात ते तबकडीवर वाळलेल्या गाळावर. कृष्णेच्या पाण्यात भिजलेल्या डिस्कला वीज लावू नका, वाळवूही नका, ओलसर असतानाच पिशवीत बंद करून डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेत द्या.

पेढीवर नवा अडॅप्टर भिंतीवर खिळ्याला टांगला आहे, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असा. त्यानंतरचे अकरा सोमवार दिवा हिरवाच राहिला, आणि चौघींचा बारावा आकडा दर वेळी एकेकनेच वाढला. दिवाणजी तो आकडा सोमवारी सकाळी आवकेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहितात. मी विनाकारण काढलेल्या दोन डिस्क लांब चाचणीत पूर्ण वाचल्या गेल्या. त्यातली एक आता शनिवारच्या प्रतीसाठी आहे. संध्याकाळी पेटी बंद करण्याआधी दिवाणजी तिच्यावर प्रत काढतात आणि विश्रामबागला घरी नेतात, दुसऱ्या मजल्यावर.